फ्रुआसारची गोष्ट रंगते, पण वारसाचं काय?

मध्ययुगीन पिरेनीजवर वाचायला लागलं की ज्याँ फ्रुआसार हा बखरकार लगेच भेटतो. १३८८ मध्ये तो ऑर्थेझला गास्ताँ फेब्युसच्या दरबारी गेला. फेब्युस म्हणजे फ्वाचा काउंट आणि बेआर्नचा व्हायकाउंट. त्याचा एकुलता एक औरस मुलगा १३८० मध्ये बापाच्याच कैदेत मेला होता. फ्रुआसारच्या तिसऱ्या खंडात ती हकिकत येते: मामाने, म्हणजे नव्हाराच्या राजाने, दिलेली विषाची पूड, ती खाऊन मेलेला कुत्रा, कोठडीत अन्न सोडलेला मुलगा आणि बापाच्या हातातल्या लहानशा चाकूने तुटलेली गळ्याची शीर.

गोष्ट जबरदस्त आहे. पण पुरावा म्हणून किती टिकते? फ्रुआसारने ती आठ वर्षांनी, दरबारातल्याच एका म्हाताऱ्याकडून ऐकली. म्हणजे एकच साक्षीदार, तोही मालकाच्या पदरी. बापाने मुद्दाम मारलं नाही, चाकू नकळत लागला, हे कोणाच्या सोयीचं आहे, ते बघा.

दुसरा आक्षेप आपल्या वाचनावर. आपण मुलाच्या मृत्यूपाशीच थांबतो. खरा पेच तिथून पुढे आहे: आता राज्य कोणाचं? फेब्युसने १३९० च्या करारात फ्रान्सच्या राजाला वारस केलं. १३९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा अनौरस मुलगा इव्हँही आशेवर होता. पण बेआर्नच्या प्रतिनिधींनी कास्तेलबॉन शाखेतल्या माथ्यूला उचलून धरलं आणि राजालाही हक्क सोडावा लागला. माथ्यू १३९८ मध्ये निपुत्रिक गेला, मग वारसा बहीण इझाबेल आणि तिचा नवरा आर्शांबो द ग्रायी यांच्याकडे गेला. मुळात बेआर्न फ्वा घराण्याकडे आलं तेही १२९० मध्ये, मार्गरीत या मुलीच्या वारशाने.

इव्हँ आणि माथ्यूबद्दल फ्रुआसारही चौथ्या खंडात लिहितो, पण तिथवर फार जण वाचत नाहीत. तिथवर गेलं की दिसतं, की बेआर्न आपण फक्त देवाकडून धारण करतो असं १३४७ मध्ये बजावणाऱ्या फेब्युसलाही ते मर्जीप्रमाणे देऊन टाकता आलं नाही. रक्त, करार आणि प्रजेची संमती, तिन्हींचा हिशेब लागला.

तेव्हा संशोधनाचा प्रश्न ठरवताना 'मुलाला कोणी मारलं?' यावर अडकू नका. 'वारस कोणी ठरवला?' हे विचारा. त्याला कागदपत्रांचा आधार मिळतो.