‘वावराड्यांचो इश्ट’ आणि लिपीचा पडदा

पिलार (गोवे) येथून डिसेंबर १९३३ मध्ये निघालेल्या ‘वावराड्यांचो इश्ट’ ह्या कॅथलिक साप्ताहिकाचा इतिहास केवळ धर्मसंस्थेच्या इतिहासाचे एक प्रकरण मानणे भाषाभ्यासकाला परवडणारे नाही. फादर आर्सेन्सिओ फर्नांडिस व फादर ग्रासियानु मोराइश हे त्याचे संस्थापक. परंतु नावच पाहावे. ‘वावराडी’ म्हणजे श्रमिक. नांदेड-लातूरकडे ‘वावर’ म्हणजे शेत. कोकणीत तोच शब्द कामाचा वाचक आहे. ‘इश्ट’ म्हणजे मित्र. ‘इष्टमित्र’ ह्या जोडशब्दात तो अर्थ मराठीनेही जपला आहे.

साप्ताहिकाची लिपी रोमी. तीत दन्त्य-मूर्धन्य भेद बुडतो, हा आक्षेप ह्या शीर्षकापुढेच टिकत नाही. ‘ड’ आणि ‘ट’ हे दोन्ही मूर्धन्य वर्ण त्यात अक्षर दुप्पट करून दाखविले आहेत. ‘श’साठी पोर्तुगीज वळणाचे ‘एक्स’ आहे. व्यवस्था परकी म्हणावी, अव्यवस्था म्हणता येणार नाही.

१९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतील कोकणी, अशी व्याख्या केली. मराठी विभागांना मात्र लिपीची सबब शोभत नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमी लिपीतच छापले गेले. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. तत्पूर्वी ते काव्य मराठी नव्हते काय? साप्ताहिक कोकणी आहे, हे खरेच. तथापि ‘वावर’चे अर्थ गोव्यात व मराठवाड्यात कसे फाकले, हे तपासणाऱ्याला त्याचे जुने अंक उघडावेच लागतील, आणि त्यांची लेखनपद्धती अंगवळणी पडण्यास फार दिवस लागत नाहीत.