गिरेबाजांचा थवा आणि परीक्षकाचे माप

कबुतरे उडविणे हा रिकामटेकड्यांचा नाद, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. आणि 'कबूतरबाज' हा शब्द कोणी कोणास स्तुतीने लावला असेल, असे वाटत नाही. तेव्हा वाङ्मय व कला यांस वाहिलेल्या मासिकात या नादाची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, माणूस जेथे एखादी गोष्ट निव्वळ पाहण्याच्या आनंदासाठी वर्षानुवर्षे घडवीत राहतो, तिच्यात उत्तम, मध्यम व कनिष्ठ असा भेद करतो, आणि तो भेद ठरविण्यास परीक्षक बोलावतो, तेथे टीकेचे क्षेत्र सुरू होते. 'बर्मिंगहॅम रोलर' या जातीच्या कबुतरांच्या ज्या स्पर्धा इंग्लंड-अमेरिकेत होतात, त्यांत या तिन्ही गोष्टी आहेत. त्या स्पर्धांसाठी थवा कसा सिद्ध करतात व त्यास गुण कसे देतात, हे सांगून त्या परीक्षेचीच परीक्षा करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. हे कबूतर उडता उडता एकाएकी मागच्या बाजूस कोलांट्या घेऊ लागते. त्या इतक्या जलद असतात की, डोळ्यांस एकेक वेगळी दिसत नाही. पक्ष्याचा आकार नाहीसा होऊन एक फिरता चेंडू तेवढा सरळ रेषेत खाली येताना दिसतो. वीस-तीस फूट असे आल्यावर गिरकी संपते, पक्षी पंख पसरतो आणि वर आपल्या सोबत्यांत जाऊन मिळतो. आपल्याकडे या गुणाच्या कबुतरांस गिरेबाज म्हणतात. एकटे गिरेबाज ही गंमत आहे. पण वीस पक्षी एकमेकांस धरून आकाशात वर्तुळे घेत आहेत, आणि एका क्षणी त्यांतील आठ-दहा एकदम फुटून खाली झेपावतात व पुन्हा वर जाऊन तोच थवा बांधतात, हे दृश्य गमतीच्या पलीकडचे आहे. त्यात रचना आहे, ताल आहे, आणि ताल मोडून पुन्हा साधण्याचा चमत्कार आहे.

हा नाद पाश्चात्त्यांनीच काढला असे मात्र नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या कबुतरांचे सविस्तर वर्णन आहे. दरबारी कबुतरांची संख्या वीस हजारांच्या वर होती, आणि अकबर या खेळास 'इश्कबाजी' म्हणे. कबुतरांच्या करामतीचे 'चर्ख' व 'बाजी' असे प्रकार त्यात सांगितले आहेत. आणि ज्या चर्खात वर्तुळ पुरे होत नाही, त्याची किंमत होत नसे, अशीही नोंद आहे. म्हणजे पुरे काय व अपुरे काय याचा विवेक तेव्हापासून आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम शहर व त्याच्या भोवतालचा कोळशाचा व लोखंडाचा मुलूख, येथील कामकरी लोकांनी आपल्या घरामागच्या चिंचोळ्या अंगणांतून आजची जात घडविली. बादशहाचा शौक आणि भट्टीवर राबणाऱ्या मजुराचा विरंगुळा एकच असावा, यावरून या दृश्याची ओढ किती खोल आहे हे दिसते.

आता थवा सिद्ध करणे म्हणजे काय? सामान्य वाचकास वाटेल की, सर्कशीतील प्राण्यांप्रमाणे या पक्ष्यांस कोलांट्या शिकवीत असावेत. वस्तुस्थिती उलट आहे. गिरकी ही उपजत असते. डार्विनने आपल्या १८५९ च्या ग्रंथात सहजप्रवृत्तीचा विचार करताना याच जातीचा दाखला घेतला आहे. कोलांटी घेणारे दुसरे कबूतर ज्यांनी कधी पाहिलेले नाही, अशी पिलेही ती घेतात, हे त्याने स्वतः पाहिले होते. आणि ही गोष्ट पक्ष्यास शिकविण्याचे कोणाच्या मनात आले नसते व बहुधा शिकविताही आली नसती, असे त्याने म्हटले आहे. कोणा एका पक्ष्यात ही खोड किंचित दिसली असावी आणि पिढ्यानुपिढ्यांच्या निवडीने ती वाढली असावी, असा त्याचा तर्क होता. म्हणून येथे उस्ताद शिकवीत नाही. तो निवडतो, आवरतो आणि वाट पाहतो.

त्याची रीत अशी. पिलू महिन्या-सव्वा महिन्याचे होऊन स्वतः दाणा टिपू लागले की, त्यास आईबापांपासून वेगळे करून समवयस्कांच्या लहानशा ढाबळीत ठेवतात. शिटी वाजवून किंवा डब्यातले दाणे खुळखुळवून ते आत येण्याची सवय लावतात. उड्डाण नेहमी उपाशीपोटी, दाणा परतल्यावर. थव्याने उडण्याची सवय आधी जडते, गिरकी मागून येते. कोणी तीन-चार महिन्यांत गिरकी घेऊ लागतो, कोणास वर्ष लागते. आरंभी पिलू नुसते शेपटीवर बसल्यासारखे करते, मग एखादी कोलांटी, मग दोन. या काळात जो उतावळा झाला तो फसला. कारण आज बेताल दिसणारा पक्षी पुढच्या मोसमात थव्याचा आधार होऊ शकतो, आणि आज चमकणारा उद्या स्वतःस सावरू शकत नाही.

स्पर्धा जवळ आली की सारे कौशल्य दाण्यात, विश्रांतीत व अंधारात येते. पक्ष्यास दिवसास अडीच-तीन तोळे दाणा, हे साधारण प्रमाण. त्यात वाटाण्यासारखे कडधान्य वाढले तर पक्षी बळावून फार उंच चढतात व गिरकी विसरतात. दाणा फार तोडला तर वीस मिनिटे उडण्याची ताकद राहत नाही. म्हणून शेवटच्या दिवसांत गहू व 'मायलो' यांवर भर देतात. हा मायलो म्हणजे आपल्या ज्वारीचाच एक प्रकार. स्पर्धेपूर्वी दोन-चार दिवस उड्डाण बंद ठेवून पक्ष्यांस अंधाऱ्या ढाबळीत स्वस्थ बसवितात, म्हणजे साठलेली उमेद बाहेर पडताच गिरकीतून प्रकट होते. नर व मादी वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर लक्ष जोडीदाराकडे जाते. पिसे झडण्याच्या दिवसांत कोणाचीच शाश्वती नसते. शिवाय वारा, उकाडा व ढग हे तर कोणाच्याच हातचे नाहीत. एवढे करून त्या वीस मिनिटांत माणूस खाली उभा राहून मान वर करून पाहण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. नाटककाराची पहिल्या प्रयोगाच्या रात्री जी स्थिती होते, तीच याची.

आता परीक्षकाकडे वळू. या पक्ष्यांची जी जागतिक स्पर्धा आहे, तिची गुणांची पद्धत थोडक्यात अशी. परीक्षक प्रत्येकाच्या घरी जातो. कारण थवा आपल्याच ढाबळीवर उडतो. वीस पक्षी, वीस मिनिटे. पाच किंवा अधिक पक्षी एकदम गिरकीत गेले तरच गुण. पक्षी जितके अधिक तितके गुण अधिक. चार गेले तर शून्य. अखेरीस या बेरजेस दोन गुणकांनी गुणतात: एक गिरकीच्या शुद्धतेचा, दुसरा तिच्या खोलीचा. दोन्ही गुणक एकपासून दोनपर्यंत.

या पद्धतीचा पहिला भाग आम्हांस फार चांगला वाटतो. एकट्याच्या पराक्रमास येथे किंमत नाही. लेझीमच्या पथकात एकच गडी अप्रतिम खेळला म्हणून पथक जिंकत नाही, तद्वतच हे. शुद्धतेचा गुणकही योग्यच. कोलांट्या ढिल्या, वाकड्या किंवा तुटक असतील तर त्यांची संख्या कितीही असो, दृश्य विटते. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्या गुणकास. खोली ही शुद्धतेच्या बरोबरीची का मानावी?

एक हिशेब पाहा. समजा, दोन थव्यांचे मूळ गुण १५० असे सारखेच आले. पहिल्याची शुद्धता १·६ व खोली १·१. दुसऱ्याची शुद्धता १·४ व खोली १·३. पहिल्याचे एकूण गुण २६४ होतात, दुसऱ्याचे २७३. म्हणजे जो थवा अधिक निर्दोष, तो हरला. जो अधिक खाली पडला, तो जिंकला. स्पर्धा म्हटली की असे एखादवेळी व्हायचेच, असे कोणी म्हणेल. पण ज्या मापाने बक्षीस मिळते त्याच मापाने पुढची पिढी निवडली जाते, आणि येथे पिढी म्हणजे केवळ शिष्यशाखा नव्हे, तर जिवंत रक्तमांसाची पिढी आहे. गवयाने चुकीचा आदर्श धरला तर त्याचे गाणे बिघडते. कबूतरबाजाने धरला तर पक्ष्याचा देह बिघडतो.

हे केवळ तर्काचे भय नाही. ग्लासगोजवळच्या एका जातीचा उल्लेख डार्विनने केला आहे. त्या पक्ष्यांस अठरा इंच वर उडणेही कोलांटी घेतल्यावाचून जमत नसे. अमेरिकेत 'पार्लर रोलर' म्हणून जात आहे. ती मुळी उडतच नाही, जमिनीवरच लोळत जाते, आणि किती फूट लोळली यावर तिच्या स्पर्धा होतात. आपल्याकडील लोटण कबूतरही त्याच मार्गाचे. जेथे माप केवळ लांबीचे झाले, तेथे पक्ष्याचे आकाशच गेले. उडणाऱ्या रोलरमध्येही गिरकी आवरता न आल्याने छपरावर किंवा जमिनीवर आपटून मरणारे पक्षी निघतात, हे या नादातील प्रत्येकास ठाऊक आहे.

कबूतरबाजांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील की, अति खोल जाणारा पक्षी आपोआप मरतो; त्याची पैदास कोणी शहाणा करीत नाही. तसेच फार आखूड गिरकीत शुद्धता आहे की नाही हे खालून कळणारच नाही. म्हणून काही खोली हवीच. यातील दुसरे म्हणणे आम्हांस मान्य आहे. ठराविक किमान खोली अवश्य असावी. पण तीपुढच्या प्रत्येक फुटास बक्षीस का? पहिल्या म्हणण्याविषयी मात्र एवढेच विचारावेसे वाटते की, मरण हाच जेथे मर्यादा घालणारा शेवटचा परीक्षक, तेथे माणसाने आपले काम टाकून दिले असे होत नाही काय?

आमच्या मते या कलेचे मर्म पडण्यात नसून परतण्यात आहे. आपल्या संगीतात हा विचार मुरलेला आहे. तान कितीही अवघड घेतली, तरी गायक समेवर कसा आला यावर श्रोत्यांची मान डोलते. सम चुकली तर आधीची सारी मेहनत फुकट. गिरेबाजाची सम म्हणजे त्याचा थवा. गिरकी संपताच जो एका झेपेत आपल्या जागी जातो, तो पक्षी उत्तम. जो खाली रेंगाळतो किंवा बाजूस भरकटतो, तो कितीही खोल गेला तरी कच्चा. नियमांत थव्याने एकत्र असावे अशी अपेक्षा आहे खरी. परंतु परतण्यासाठी स्वतंत्र गुणक नाही. खोलीचा गुणक काढून तेथे परतण्याचा गुणक घालावा, अशी आमची सूचना आहे. मग निवड आपोआपच आवरू शकणाऱ्या पक्ष्यांची होईल, आणि सौंदर्य व जीवित यांचे हितसंबंध एक होतील.

या प्रकरणाची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या गिरकीने प्रेक्षक मोहतो, तीच शिकारी पक्ष्यास जायबंदी पाखरासारखी दिसते, असे कबूतरबाज स्वतःच सांगतात. त्यामुळे ससाणे या थव्यांवर तुटून पडतात. त्यावरचा शहाणपणाचा उपाय म्हणजे त्यांच्या वावराच्या मोसमात थवा बंद ठेवणे. पण सर्वांस तेवढा धीर नसतो. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया, ऑरेगन व टेक्सास येथील काही कबूतरबाजांवर ससाणे मारल्याबद्दल खटले झाले. हे पक्षी तेथे १९१८ च्या कायद्याने संरक्षित आहेत. आपल्या अंगणातील वीस पक्ष्यांच्या खेळासाठी आकाशातील दुसऱ्या पक्ष्याचा जीव घेणारा मनुष्य आकाशाचा रसिक म्हणवून घेण्यास पात्र नाही. एकाच्या अपराधाने साऱ्या नादास दूषण देणे अन्यायाचे होईल, हे खरे. परंतु ज्या संस्था स्पर्धा भरवितात, त्यांनी गुणांच्या नियमांइतकाच हाही नियम कडक ठेवला पाहिजे.

सारांश, या नादास क्षुद्र मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्यात वर्षानुवर्षांची चिकाटी, सूक्ष्म निरीक्षण आणि ऐन वेळी हात जोडून उभे राहण्याची तयारी लागते, त्यास कलेचे नाव देण्यास आम्हांस संकोच नाही. परंतु ही कला एका व्यंगावर उभारलेली आहे, याचा विसर पडता कामा नये. ते व्यंग आवाक्यात ठेवून त्याचा अलंकार करणे हे उस्तादाचे काम. आणि ते आवाक्याबाहेर जाऊ न देणारे माप ठरविणे हे परीक्षकाचे काम. पहिले काम बर्मिंगहॅमच्या मजुरांनी उत्तम केले आहे. दुसरे अद्याप पुरे व्हावयाचे आहे.