लेहऱ्यावरचा पखवाज

बीड जिल्ह्यात पखवाजाला श्रोत्यांची वानवा नाही. सप्ताह असो की दिंडी, थाप पडल्याशिवाय अभंग रंगत नाही. पण तिथे तो साथीला. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच मातीतले. अंबाजोगाई तालुक्यातलं त्यांचं आपेगाव, पैठणजवळचं ज्ञानेश्वरांचं नव्हे. त्यांच्यामागे उद्धवबापूंनी पखवाजाचा हा वारसा पुढे नेला.

स्वतंत्र पखवाजवादनात मला सर्वांत जास्त मोह पडतो तो भूमिकांच्या अदलाबदलीचा. लेड झेपेलिनच्या 'मोबी डिक' (१९६९) मध्ये जॉन बॉनहॅमचा ड्रम सुटतो, तेव्हा गिटार आणि बास गप्प होतात. आपल्याकडे सुराला अशी रजा नाही. हार्मोनियम किंवा सारंगी लेहऱ्याची तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन धरून बसते. एरवी पखवाज ज्याच्यासाठी ताल सांभाळतो, तो सूरच आता पखवाजासाठी ताल सांभाळतो. वादकाला मोकळीक मिळते ती या बांधिलकीमुळे.

चौतालाच्या १२ मात्रा. सुरुवातीला ठेका संथ. डाव्या पुडीवर ओली कणीक थापलेली असते, म्हणून 'धा'तला खर्ज छातीत उतरतो. उजव्या शाईचा नाद त्यावर स्वच्छ उभा राहतो. मग परणी, रेले. रेल्यात बोल इतके दाट होतात की एकेक अक्षर सुटं ऐकू येणं हीच वादकाची परीक्षा. नुसत्या वेगाला टाळ्या मिळतात. मला तरी तो वेग बोल पुसट करत असेल तर नको वाटतो.

खरी गंमत तिहाईत. समेवरून उचललेली साधी दमदार तिहाई घ्या: ३ मात्रांचा तुकडा, शेवटी 'धा', मग २ मात्रांचा दम, असं तीनदा. पहिला 'धा' येतो तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे नेमका खालीवर. दुसरा आठव्या मात्रेवर, जिथे टाळीही नाही, खालीही नाही. ऐकणाऱ्याचा हात तिथे अडखळतो. आणि तिसरा 'धा' थेट समेवर, लेहऱ्याच्या पहिल्या सुरासोबत. सगळा हिशेब आधीच ठरलेला असूनही दर वेळी मान डोलतेच.

सप्ताहात पखवाज ऐकणाऱ्यांनी एकदा तरी लेहऱ्यावरचं पूर्ण स्वतंत्र वादन ऐकावं, आणि ऐकताना हातावर टाळी-खाली धरावी: १, ५, ९, ११ ला टाळी, ३ आणि ७ ला खाली.