कारणमीमांसा आणि कथनरूप : समलिंगी आकर्षणाच्या तीन भारतीय संहिता

समलिंगी आकर्षण जन्मजात असते की ती व्यक्तीची निवड असते, हा प्रश्न साहित्याचे अभ्यासक सहसा जीवशास्त्राकडे किंवा न्यायालयाकडे सोपवून मोकळे होतात. न्यायालयात तो उपस्थित होणे स्वाभाविकच होते. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा गुन्हा ठरविल्यामुळे ‘हेही नैसर्गिकच आहे’ असे म्हणणे हा बचावाचा एक मार्ग होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध त्या कलमाच्या कक्षेबाहेर काढले. बचावाची भाषा मात्र मागे राहिली. जीवशास्त्राचे म्हणावे, तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासात समलिंगी वर्तन ठरविणारे एकच एक जनुक आढळले नाही. यावरून हा कल स्वेच्छेने निवडता येतो असे सिद्ध होत नाही. मातृभाषा जन्मजात नसते आणि आपण ती निवडलेलीही नसते. ‘निवडलेले नाही’ आणि ‘जन्मजात आहे’ ही दोन विधाने एकच मानण्यात वैचारिक घोटाळा आहे, आणि त्याची किंमत साहित्यकृतीतील पात्रांना मोजावी लागते.

इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ (१९४२) या उर्दू कथेत कारण स्पष्टच दिलेले आहे. बेगमजानकडे नवाबाने पाठ फिरविली आहे. त्या उपेक्षेतून तिची आणि रब्बूची जवळीक निर्माण होते. म्हणजे हा कल परिस्थितीजन्य ठरतो. परंतु त्याच कथेत नवाबाला तरुण, नाजूक मुलांविषयी असलेल्या ओढीला कोणतेही कारण दिलेले नाही. पुरुषाची इच्छा गृहीत धरली जाते, स्त्रीच्या इच्छेला खुलासा द्यावा लागतो. या विषमतेची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही असे वाटते. शिवाय निवेदक आहे एक लहान मुलगी. तिला दिसते ती भिंतीवर हलणारी रजईची सावली. कारण सांगणारा आवाज प्रौढ आहे, पाहणारी नजर बालकाची आहे, आणि कथेची शक्ती या दुसऱ्या बाजूला आहे. लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा आरोप टिकला नाही, त्यालाही कथेतील ही अनुच्चारितता उपयोगी पडली.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची रचना नेमकी उलट आहे. सुमित्रा ऊर्फ मित्रा एका पुरुषाशी जवळीक साधून स्वतःची परीक्षा घेते आणि आपण ‘वेगळ्या’ आहोत या निष्कर्षाला येते. परीक्षा घ्यायची तर उत्तर आधीच आत दडलेले असावे लागते. म्हणून हे शोधाचे कथानक होते आणि जन्मजाततेचा सिद्धांत त्याच्या बांधणीतच शिरतो. येथवर नाटक मराठी रंगभूमीच्या दृष्टीने धाडसी आहे, यात शंका नाही. पण नमाविषयीचे मित्राचे प्रेम आकार घेते ते महाविद्यालयीन नाटकात तिने पुरुषाची भूमिका केल्यावर. ही भूमिका तिच्यातले काही उघड करते की घडविते, याचा निर्णय संहिता देत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्त्रीने स्त्रीवर प्रेम करायचे तर तिच्यात कुठेतरी पुरुष असला पाहिजे, ही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय समजूत येथे अबाधित राहते. कार्ल हाइनरिख उलरिख्स यांनी १८६० च्या दशकात ‘पुरुषदेहातील स्त्रीचा आत्मा’ अशी कल्पना मांडली होती, तीही बचावासाठीच. मित्रा दोषमुक्त होते, पण तिचे प्रेम एक जन्मखूण होऊन बसते. बापूच्या निवेदनात सहानुभूती आहे. परंतु ती एका असाध्य रुग्णाविषयीची सहानुभूती आहे. शेवटी मित्राच्या वाट्याला आत्मनाशच येतो.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तनयला मुले का आवडतात, हे कादंबरी सांगत नाही. अनुजाला का आवडतात, हेही ती सांगत नाही. दोन प्रेमे शेजारी ठेवल्यामुळे कारणाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो दोघांनाही विचारावा लागतो. मग उरतो तो व्यवहारातला फरक. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, परत येते, आणि सारे घर तिच्या दुःखाभोवती गोळा होते. तनयचे दुःख त्याच घरात कुणाला दिसत नाही. तो त्या तरुणाला ‘तू’ म्हणून बोलत राहतो, म्हणजे आपण कोण आहोत याचा खुलासा तो कुणाला देत नसून हरवलेल्या माणसाशी संवाद करतो आहे. ‘लिहाफ’मधील मूल आणि बापू हे दोघेही प्रेमाबाहेरचे साक्षीदार होते, येथे निवेदन प्रेम करणाऱ्याच्याच हाती आहे.

आणि तो तरुण? त्याला नाव नाही, त्याचे निवेदनही नाही. त्याने दोघांवर प्रेम केले, की दोघांचे प्रेम केवळ स्वीकारले? ‘जन्मजात’ आणि ‘निवड’ या दोन रकान्यांपैकी एकातही तो बसत नाही, आणि कादंबरी त्याला बसविण्याचा प्रयत्न करीत नाही.