‘असमर्थ’ म्हणणारा पंच

आज आपण एका कार्टून मालिकेबद्दल बोलणार आहोत, पोकेमॉनबद्दल. तुमच्यातल्या तरुणांनी ती शाळेत असताना पाहिली असेल. आमच्या वयाच्या लोकांना ती नातवंडांच्या शेजारी बसून पाहावी लागली. पिकाचूबद्दल, ऍशबद्दल पुष्कळ बोललं जातं. आम्हाला मात्र मैदानाच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याला बहुधा नावही नसतं. पण त्याच्या तोंडी जे एक वाक्य दिलं आहे, ते आमच्या मते या मालिकेतलं सर्वांत जबाबदारीचं वाक्य आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉन हे काल्पनिक प्राणी. माणसं त्यांना पकडतात, वाढवतात, शिकवतात आणि एकमेकांच्या प्राण्यांशी लढवतात. शिकवणारा तो ट्रेनर. एखादा प्राणी कोसळला की पंच त्याचं नाव घेऊन जाहीर करतो, हा आता लढण्यास असमर्थ आहे; आणि जिंकलेल्याच्या बाजूचा झेंडा वर करतो. ‘हरला’ असं तो आधी म्हणत नाही बरं का, ‘असमर्थ’ म्हणतो. मूळ जपानीत ‘सेन्तो फुनो’ असा शब्द आहे, म्हणजे लढणं अशक्य.

हा पंच आला कुठून? १९९६ साली जपानमध्ये जो मूळ व्हिडिओ गेम निघाला, त्यात पंच नाही. तिथे त्याची गरजच नव्हती. प्रत्येक प्राण्याच्या उरलेल्या शक्तीचा आकडा असतो. मार बसला की तो कमी होतो, शून्यावर आला की प्राणी मूर्च्छित. वजाबाकी झाली, निकाल लागला. एप्रिल १९९७ मध्ये मालिका सुरू झाली आणि तो आकडा पडद्यावरून गेला. आकडा गेला की कोणीतरी बघावं लागतं, ठरवावं लागतं.

आणि हे ठरवणं सोपं नाही. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट. ते आखाड्याभोवतीच्या लोकांनाही दिसतं. ‘असमर्थ’ हे पाठ टेकण्यासारखं नाही. तो प्राण्याच्या आतल्या अवस्थेबद्दलचा दावा आहे. प्राणी स्वतः काही सांगू शकत नाही, कारण बहुतेक पोकेमॉन आपल्या नावापलीकडे बोलत नाहीत. त्याच्या ट्रेनरला जिंकायचं आहे, समोरच्यालाही जिंकायचं आहे, प्रेक्षकांना अजून बघायचं आहे. निकालात ज्याचं काही अडकलेलं नाही असा एकच माणूस तिथे असतो. मुक्या जिवाच्या वतीने त्याने बोलायचं.

इथपर्यंत आम्ही मालिकेचं कौतुक केलं. आता तक्रार. पंचाला एवढी जबाबदारी देऊन मालिका ती लगेच काढूनही घेते. कशी? कोसळलेल्या प्राण्याच्या डोळ्यांच्या जागी चित्रकार गोल गोल भोवरे काढतात. भोवरे दिसले की पाच वर्षांच्या मुलालाही निकाल कळतो. पंच त्यानंतर झेंडा उचलतो. म्हणजे निकाल दिला चित्रकाराने, पंचाने नुसता वाचून दाखवला. गेममधला शून्य आकडाच इथे भोवरा होऊन परत आला.

म्हणून ज्या लढतींत भोवरे दिसत नाहीत, त्या बघायला हव्यात. सुरुवातीच्या भागांतल्या तीन घेऊ.

पहिली, ब्रॉकच्या जिममधली. आगीमुळे छतावरचे पाण्याचे फवारे सुरू होतात आणि ब्रॉकचा दगडी ओनिक्स पाण्याने गलितगात्र होतो. ऍशला शेवटचा घाव घालायचा बाकी आहे. ब्रॉकची लहान भावंडं धावत येऊन ऍशला बिलगतात, आमच्या दादाच्या प्राण्याला मारू नकोस म्हणतात. ऍश थांबतो. फवाऱ्यांनी मिळालेला विजय खरा नव्हे असंही म्हणतो, आणि बिल्ला न घेता निघून जातो. ब्रॉक तो नंतर आणून देतो. दुसरी, सब्रिनाच्या जिममधली. तिचं आणि तिच्या कडाब्राचं मन जोडलेलं असतं. हाँटर न लढता विदूषकी चाळे करून सब्रिनाला हसवतो. ती हसते तसा कडाब्राही हसत सुटतो, आणि हसता हसता लढूच शकत नाही. तिसरी, इंडिगो लीगमधली. ऍशचा चारिझार्ड रिचीच्या पिकाचूसमोर उभा राहतो आणि लढायलाच नकार देतो, सरळ अंग टाकून देतो. पंच सामना संपवतात, ऍश स्पर्धेबाहेर.

बघा, तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. कडाब्राला इजा नाही, तरी तो लढू शकत नाही. चारिझार्ड लढू शकतो, पण त्याला लढायचं नाही. ओनिक्सवर आणखी एक घाव घालता येईल, पण घालू नये. शक्य नसणं, इच्छा नसणं आणि योग्य नसणं. पंचाकडे झेंडे दोनच, तेही कोण जिंकलं एवढंच सांगणारे. चारिझार्डचा नकार हा खरं म्हणजे प्राण्याने दिलेलं मत होतं. निकालपत्रकात ती नुसती ऍशची हार ठरली.

एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या पुस्तकात खेळातल्या गुणलेखकाचं उदाहरण घेऊन एक भेद केला आहे. निकाल अंतिम असणं वेगळं आणि अचूक असणं वेगळं. जपानी सुमो कुस्तीला हा भेद चांगला ठाऊक आहे. तिथे ग्योजी, म्हणजे पंच, निकाल देतो. पण आखाड्याभोवती पाच परीक्षक बसलेले असतात, ते एकत्र जमून तो निकाल फिरवू शकतात. त्याच देशातल्या या मालिकेत मात्र पंचाला प्रश्न विचारायची वेळ क्वचितच येते, कारण भोवरे खोटं बोलत नाहीत.

कोणी म्हणेल, सर, लहान मुलांची मालिका आहे, सोडून द्या. लहान मुलांची आहे म्हणूनच सोडवत नाही. दुसऱ्याची सहनशक्ती संपली की ते आपल्याला आपोआप दिसेल, अशी शिकवण त्या भोवऱ्यांत आहे. तसं दिसत नसतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनी आणि कोरियाचा किम दुक-कू यांची बॉक्सिंगची लढत झाली. बॉक्सिंगच्या पंचाला ‘पुरे’ म्हणून लढत थांबवायचा अधिकार असतो. किम चौदाव्या फेरीपर्यंत लढत राहिला. त्या फेरीत पंचांनी लढत थांबवली, आणि काही दिवसांत तो गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. पंचाची नजर पुरेशी नाही हे ओळखून नियम बदलावा लागला.

किमला निदान बोलता येत होतं. बैलाला येत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, २०२३ साली घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले, आणि आता अटी पाळून शर्यती होतात. शर्यत असावी की नसावी हा वाद आज बाजूला ठेवू. पण अट कागदावर असते. घाटावर उभं राहून कोणता गाडा पुढे गेला हे सांगणारे पुष्कळ मिळतात. या बैलाला आज पळवू नका, असं म्हणणारा कोण, हे विचारायला हवं.

आमचं म्हणणं एवढंच की ‘असमर्थ’ हा शब्द पंचाच्या तोंडी घालून या मालिकेने मोठी गोष्ट केली, पण तो उच्चारायची वेळ फार उशिराची ठेवली. सगळं संपल्यावर असमर्थ म्हणणं ही नोंद झाली. पंचाचं काम त्याच्या आधी सुरू होतं. या तीन लढतींत ते काम खऱ्या अर्थाने केलं ब्रॉकच्या भावंडांनी. त्यांच्या हातात झेंडे नव्हते. ओनिक्सच्या डोळ्यांत भोवरे यायची वाट त्यांनी पाहिली नाही.

आता थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.