मोदक (मुद्राक्षरमाला)

मोदक : शीर्षके, भित्तिपत्रके व वेष्टने यांसाठी योजलेली अतिस्थूल, खेळकर ढंगाची देवनागरी व रोमन मुद्राक्षरमाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेतील सारंग कुळकर्णी, मैथिली शिंगरे प्रभृतींनी ती सिद्ध केली असून २०१५ पासून ती गूगलच्या टंकसंग्रहातून विनामूल्य मिळते.

रोमन लिपीत ऑझ्वल्ड कूपर याच्या ‘कूपर ब्लॅक’ने (१९२२) रेषांच्या टोकांचे फाटे गुबगुबीत करून असाच विनोद साधला होता. देवनागरीत असे फाटे नसतात. म्हणून मोदकच्या कर्त्यांनी निराळी वाट धरली. येथे रेषा फुगत जाते व अक्षराच्या पोटातील पोकळी आक्रसून केवळ एक चीर उरते. वाचकाला अक्षर ओळखू येते ते शाईमुळे नव्हे, तर या पांढऱ्या चिरेमुळे. ही कल्पना खरोखर धाडसी आहे आणि मोठ्या आकारात ती पूर्णतः यशस्वी ठरते.

तथापि देवनागरीची काही अक्षरे फार थोड्या खुणांवर वेगळी ठरतात. ‘ब’ व ‘व’ यांत भेद एका तिरप्या रेषेचा. ‘भ’ व ‘म’, तसेच ‘ध’ व ‘घ’ यांत शिरोरेषेतील खंडाचा व लहानशा गाठीचा. आकार लहान होताच चिरा बुजतात आणि हे भेद डोळ्यांना जाणवेनासे होतात. उभ्या मांडणीच्या जोडाक्षरांत तर दोन अक्षरांना एकाचीच उंची वाटून घ्यावी लागते. तेथे स्थूलपणाची अडचण सर्वाधिक होते. मुलांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ही अक्षरे शोभतात. आतील मजकुरासाठी, विशेषतः नवशिक्या वाचकांकरिता, ती वापरणे गैर होय.