पंधरा भुंगे आणि पाटणादेवीचं रान

मुलांना रानात नेऊन चिठ्ठ्यांच्या आधारे झाडं शोधायला लावणारे खेळ हल्ली बरेच होतात. त्यातल्या पुष्कळ चिठ्ठ्या कोणत्याही झाडाखाली ठेवल्या तरी चालतात. झाड फक्त खुणेपुरतं. चिठ्ठी कशी असावी हे पाहायचं, तर चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावं. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला.

त्या ग्रंथांपैकी एक म्हणजे ‘लीलावती’, ११५० च्या सुमाराची. तिच्यात भुंग्यांचा एक प्रश्न आहे. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर. या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरलेला एक भुंगा केतकी आणि मालती या दोघींच्या गंधाने एकाच वेळी ओढला जाऊन हवेतच घुटमळतो आहे. तर थवा केवढा?

उत्तर पंधरा: तीन, पाच, सहा आणि तो एक. पण आधी झाडांकडे बघा. कदंब, कुटज, केतकी, मालती ही सगळी संस्कृत काव्यात पावसाळ्याची मंडळी. मेघदूतातला यक्ष आषाढातल्या ढगाला अर्घ्य देतो तेही कुटजाच्या फुलांचं. शिलींध्र कुणी केळफूल मानतं, कुणी अळंबी. पावसाशी दोन्ही जुळतात. म्हणजे ‘पाऊस’ हा शब्द न वापरता आचार्यांनी अख्खा ऋतू उभा केला. गणिताला झाडांची नावं लागत नव्हती. रसिकाला लागत होती.

पाटणादेवीच्या पानझडी रानात हाच प्रश्न चिठ्ठी म्हणून मुलांच्या हाती द्यावा असं मला मनापासून वाटतं. कदंबाच्या जागी त्याचा भाऊबंद कळंब घ्यावा. कोरड्या रानात तोच भेटतो, आणि त्याचीही फुलं गोल चेंडूसारखी. कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा, ज्याची साल आवेवर देतात. इथे मुलांना थोडं अडवून ठेवावं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, पण तो काळ्या कुड्यालाही येतो. मग शेंगा पाहाव्यात: दोघांच्याही जोडीने लोंबतात, मात्र काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. एवढं बारीक पाहिलं की कुडा जन्मभर चुकत नाही.

आणि तो शेवटचा भुंगा! मला या रचनेत सर्वांत आवडतो तो हाच. बाकीचे सगळे आपापल्या फुलावर बसले, पण त्यांचे नुसते अपूर्णांकच हाती आहेत. त्यांच्यावरून थव्याची संख्या कधीच कळणार नाही. पूर्णांकात सांगितलेला एकटाच आहे, ज्याचा निर्णय झालेला नाही. तो थव्याचा पंधरावा भाग ठरतो आणि सगळं गणित सुटतं. दोन सुगंधांमध्ये अडकलेल्या त्या जिवाचं घुटमळणं काव्य म्हणून जितकं खरं, तितकंच ते उदाहरणाची किल्ली म्हणून आवश्यक आहे.